केबिनमधून घाट दाखवणाऱ्या चालकदादांस

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

बेळगावची भाजी रात्रीतून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या बाजारांत पोहोचते आणि ती आणणारे ट्रक रिकामे होऊन उजाडण्याच्या सुमारास पुन्हा घाट चढू लागतात, एवढे आमच्याकडे सर्वांनाच ठाऊक असते. पण त्या ट्रकच्या चालकाला पत्र लिहिण्याचा प्रसंग फारसा कोणावर येत नाही. माझ्यावर तो आला याचा मला आनंद आहे. आपले नाव कोठेही छापू नये, असे आपण बजावलेत, म्हणून ते येथे लिहिलेले नाही. पत्र मात्र उघडे ठेवले आहे, कारण आपण जे मला शिकवलेत ते घाटात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे आणि ते माझ्यापाशीच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मी गोव्यातल्या साखळी गावचा, नोकरी सांभाळून सायकल चालवणारा हौशी माणूस. आमचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यातले शेवाळ रस्त्याच्या कडेवरून सुकून गेलेले असते, पहाटेची हवा बोटे आखडतील इतकी गार असते आणि उन्हाचा त्रास नऊ-साडेनऊपर्यंत होत नाही. किनाऱ्याकडचे सायकलस्वार दिवाडी, चोडण अशा बेटांवरून फेरीबोटीने हिंडतात; आम्हा साखळी-डिचोलीकडच्यांना मात्र केरीचा रस्ता, अंजुणे धरण आणि त्यावरचा चोर्ला घाट एवढे पुरते. सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत नेणारी ही चढण पायांची परीक्षा घेते, आणि वर पोहोचल्यावर गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा जवळजवळ आल्याचे समाधान फुकट मिळते.

ज्या जानेवारीच्या पहाटे आपली भेट झाली, त्या दिवशी धुके दाट होते. हिवाळ्यात थंड हवा रात्रभर उतरून दरीत साचते आणि धरणाच्या पाण्यावरची वाफ तिच्यात मिसळते, त्यामुळे धुक्याचा जोर घाटाच्या माथ्यापेक्षा पायथ्याशी व पहिल्या काही वळणांवर अधिक असतो. नेमक्या त्याच टप्प्यात माझ्या सायकलचा मागचा दिवा बंद पडला. परत फिरावे तर उतारावर मागून येणाऱ्यांना मी दिसणार नव्हतो आणि थांबावे तर कठड्यालगत उभे राहायला हातभरही जागा नव्हती. मागून आपला ट्रक आला, हॉर्न न वाजवता मंद झाला, आणि चारही इंडिकेटर लावून माझ्यामागून त्याच गतीने चालू लागला. माझी गती त्या वेळी माणसाच्या चालण्याहून थोडीशीच अधिक असेल. रिकामा असला तरी ट्रक इतक्या सावकाश चढवायचा म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन तापवत, डिझेल जाळत राहायचे, आणि मागे खोळंबलेल्यांच्या शिव्या खायच्या. हे सर्व आपण धुके पायाखाली राहीपर्यंत केलेत. एवढ्यासाठीच आभार मानायचे असते, तर हे पत्र चार ओळींचे झाले असते.

वर रुंद जागा आल्यावर आपण ट्रक बाजूला घेतलात, चाकांना दगड लावलेत, आणि मला दोन शब्द सुनावाल अशा अपेक्षेने मी उभा असताना आपण केबिनचे दार उघडून मला आपल्या जागी बसवलेत. त्यानंतर आपल्या क्लीनरला माझी सायकल हातात धरून ट्रकभोवती फिरायला सांगितलेत. तो डाव्या दाराच्या जरा पुढे उभा राहिला, तेव्हा मला सायकल दिसली नाही. तो मागच्या चाकाजवळ गेला, तेव्हा आरशात त्याच्या डोक्याचा थोडासा भाग दिसला आणि सायकल मुळीच दिसली नाही. तो अगदी मागे फाळक्याला चिकटून उभा राहिला, तेव्हा तर तो तेथे आहे हे मला त्याच्या आवाजावरूनच कळत होते. सायकलस्वार आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या कडेने जातो आणि चालक उजवीकडे बसलेला असतो, त्यामुळे जी जागा आम्ही सुरक्षित समजून धरतो तीच चालकाच्या नजरेआडची असते, ही गोष्ट त्या आसनावर बसल्याशिवाय मला कोणी कितीही समजावली असती तरी पटली नसती. आरशात चालकाचा चेहरा तुला दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस असे धरून चाल, हे आपले सांगणे मी तेव्हापासून पाळत आलो आहे. डावी बाजू पाहण्याचे काम क्लीनरचे असते आणि आता कित्येक गाड्या क्लीनरशिवाय धावतात, हे आपण त्याच्याकडे पाहत सांगितलेत. तो तेव्हा माझ्या सायकलचे गिअर मोजण्यात गुंतला होता.

मग आपण वळणाकडे बोट दाखवलेत. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने न जाता आतून, म्हणजे डाव्या कडेवरून जाते, म्हणून चालक आधी उजवीकडे सरकतो. डावीकडे रिकामी झालेली ती जागा पाहून जो सायकलस्वार किंवा दुचाकीवाला आत शिरतो, तो चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडतो. वळणाच्या अलीकडे रस्त्यावर पडलेली पानांची डहाळी वाऱ्याने आलेली नसते, पुढच्या वळणाआड कोणाची तरी गाडी बंद पडून उभी आहे असा तो निरोप असतो. गाडी निघून गेल्यावरही चाकांना लावलेले दगड कित्येकदा तसेच राहतात आणि अंधारात सायकलीला ते खड्ड्यापेक्षा वाईट. काठोकाठ भरलेल्या टाकीतले डिझेल वळणावर हिंदकळून सांडते व त्यावर पहाटेचे दव पडले की तेथे कोणताही टायर पकड घेत नाही, तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला रंगीत झाक दिसली की ब्रेक आधीच लावून घ्यावा, वळणात लावू नये. उतारावर केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढावे त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरावे, ही ट्रकची रीत. आमच्या सायकलीला इंजिनाचा अडसर नसतो, पण ब्रेक सतत दाबून न धरता थोडा थोडा सोडत उतरावे हे त्यातून मी घेतले. घाटात चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियम मला माहीत होता. चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना काय यातायात होते, हे मात्र आपल्याकडूनच कळले.

यातल्या डहाळीचा उपयोग लवकरच झाला. त्याच हिवाळ्यात मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत भाग घेतला. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांच्या आत ठरलेला मार्ग पूर्ण करायचा, वाटेतल्या नियंत्रण ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची, सोबत स्वतःची गाडी ठेवायची नाही आणि पंक्चर झाले तर स्वतःच काढायचे, असा तिचा रिवाज आहे. पहिला कोण आला याची नोंद होत नाही, तरी माणसाचा स्वभाव जात नाही, आणि परतीच्या उतारावर आमची एक टोळी भलतीच वेगात होती. रस्त्यात आंब्याची हिरवी डहाळी दिसताच मी हात वर करून वेग कमी केला. मागच्यांना वाटले मी दमलो. वळण संपते तेथे निम्मा रस्ता अडवून एक ट्रक उभा होता आणि त्याचा चालक खाली वाकून काहीतरी पाहत होता. आम्ही सर्व जण एकामागून एक, पाय टेकत टेकत त्याच्या बाजूने गेलो. पुढच्या चहाच्या गाड्यावर मला सर्वांनी डहाळीचा अर्थ विचारला आणि मी तो आपल्या वतीने सांगितला.

गव्यांबद्दल आपण सांगितलेले तर मी शब्दशः पाळले. गवा हा आमच्या गोव्याचा राज्यप्राणी असला तरी भिंतीवरच्या चित्रातला गवा आणि पहाटे अंजुण्याजवळच्या वळणावर सायकलच्या समोर उभा राहिलेला गवा यांत फार अंतर आहे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो आणि सायकलस्वाराभोवती तर पत्राही नसतो. घंटी वाजवू नये, दिवा त्याच्या डोळ्यांवर धरू नये, सायकलवरून उतरून तिला मध्ये ठेवून शांत उभे राहावे, आणि कळप गेला असे वाटल्यावरही निघू नये, कारण मागे राहिलेले वासरू व त्याच्याबरोबरची मादी शेवटी येतात. मी थांबलो. मोठे गवे गेले, रस्ता मोकळा झाला, आणि बऱ्याच वेळाने, मी पाय पेडलवर ठेवण्याच्या बेतात असताना, झाडीतून तपकिरी वासरू आणि त्याची आई बाहेर पडली. आईने माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. त्यानंतर उजाडले, धनेशांची जोडी पंखांचा मोठा आवाज करीत दरीवरून गेली आणि मी घाट तेवढ्यावरच सोडून घरी परतलो.

पणजीत मिरामारला २०१९ पासून होऊ लागलेल्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणे, सायकल व धावणे अशा तिहेरी स्पर्धेबद्दल आपण कुतूहलाने विचारले होते. तेथे ९० किलोमीटरचा सायकलचा टप्पा वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर असतो, आणि दुसऱ्याच्या मागे राहून त्याच्या आडोशाने वारा चुकवण्यास मनाई असते. ही मनाई ऐकून आपण हसलात, कारण घाटात ट्रकच्या मागे वाऱ्याचा आडोसा धरणारे, किंवा मागच्या साखळीला हात लावून फुकटात चढणारे सायकलस्वार आपण पाहिलेले आहेत. ट्रकला समोर गवा दिसला तर ब्रेक लागेल आणि मागच्याला त्याचे कारण फाळक्यावर आपटल्यावर कळेल, हे आपले वाक्य मी आमच्या मंडळींना जसेच्या तसे ऐकवतो. ते कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा लवकर समजते.

एका बाबतीत मात्र आपले म्हणणे मला मान्य नाही, आणि आभाराच्या पत्रात ते लपवणे मला बरे वाटणार नाही. सायकलने नेहमीच अगदी कडेने जावे, असे आपण म्हणता. सरळ रस्त्यावर ते ठीक आहे. परंतु डाव्या वळणावर कडेला खडी साचलेली असते आणि आपणच दाखवलेले ते मागचे चाक त्याच कडेवरून जाते. म्हणून अशा वळणाच्या आधी मागे पाहून, हात दाखवून, मी आपल्या लेनच्या मध्यावर येतो आणि वळण संपताच पुन्हा कडेला होतो. त्यामुळे मागच्या चालकाला काही क्षण थांबावे लागते हे खरे, पण त्या वेळी मी त्याच्या पुढच्या काचेत असतो, आरशाच्या भरवशावर नसतो. आपण यावर विचार करावा, अशी विनंती आहे. आमच्या लोकांबद्दलच्या आपल्या तक्रारी मात्र मी बिनशर्त स्वीकारतो: दोघे-दोघे गप्पा मारत बाजूबाजूने जाणे, कानांत गाणी लावणे, आणि महागडे काळे कपडे घालून पहाटेच्या काळोखात हिंडणे. आमच्या टोळीतील बहुतेकांनी आता घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधायला सुरुवात केली आहे, कारण वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की पुढे सायकल आहे हे धुक्यातही लगेच कळते, असे आपण सांगितले होते.

त्या दिवशी आपल्या क्लीनरने थर्मासमधला चहा मला आधी दिला आणि स्वतःला शेवटी ओतला, त्याचेही आभार मानतो. त्याच्यासाठी एक चमकणारे जाकीट आणि ट्रकच्या फाळक्याला लावण्यासाठी लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीचे बंडल आणले आहे. केरीत आपण ज्या गाड्यावर भाजी-पाव खाता तेथे ते सांगून ठेवले आहे. फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावरची जुनी पट्टी निघाली आहे, तेथे आधी लावावी.

आपला नम्र,
साखळीचा सायकलस्वार