अण्णा, चावी पप्पांच्याच हातात ठेवली त्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमचा नातू वाचतो आणि तो तुम्हाला बसवून वाचून दाखवणार याची खात्री आहे म्हणून लिहितोय. नाव टाकू नको, दुकानाचा पत्ता टाकू नको, उगं गर्दी होते आणि मग कुठलंच काम धड होत नाही असं तुम्ही म्हणलात, त्यामुळं नाव नाही. सोलापूर एमआयडीसीकडचे, गाड्या दुरुस्त करणारे अण्णा एवढंच. ज्यांना कळायचं त्यांना कळंल.

तुमचे पैसे दिले, चहा झाला, रामराम झाला, तरी घरी आल्यावर सारखं वाटत होतं की जे बोलायचं होतं ते राहिलंच. तिथं बोलायला गेलो असतो तर घसा भरून आला असता आणि तुमच्या त्या दोन पोरांसमोर मला ते नको होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमची पिकअप आहे. चादरी, टॉवेलचा माल घेऊन पप्पा बार्शी, लातूर, विजापूर असं फिरतात, मी जन्मायच्या आधीपासून हाच धंदा, गाड्या तेवढ्या बदलत गेल्या. पुढच्या दोन्ही लोखंडी रिम खड्ड्यांनी पार वाकल्या. टायरवाला म्हणला कंपनीच्या रिम यायला वेळ लागंल, अलॉय टाका, बोल्ट जुळतात, काही टेन्शन नाही. टाकले. गाडी दिसायला एक नंबर आणि चालायला पण झकास. मग काही आठवड्यांनी पप्पा सांगायला लागले की ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात थरथरतं आणि पेडल पायाला खालनं ढकलतं. नुसती पळवली तर काही नाही, ऐंशीला पण निवांत, पण ब्रेकवर पाय ठेवला की सुरू. लातूरहून येताना भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट उतरायचा आणि प्रत्येक वळणाला गाडी अशी हादरायची, पप्पा घरी येऊन गप्प बसायचे.

आता ज्यांच्याकडं आधी गेलो त्यांची नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत पण नाही.

टायरवाल्यानं बॅलन्सिंग करून दिलं. पप्पा सांगतायत की बाबा हे फक्त ब्रेक मारल्यावरच होतंय, तरी बॅलन्सिंगच. आता मला पण कळतं की बॅलन्सिंगचा घोटाळा असता तर ब्रेक न लावता नुसत्या पळण्यात, ठराविक स्पीडला स्टेअरिंग हललं असतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, त्यानं ऐकलंच नाही. मग गेलो मोठ्या वर्कशॉपला, एसीची वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, टीव्ही. तिथल्या पोरानं चावी घेतली, माल उतरवायला लावला, रिकामी गाडी सर्व्हिस रोडवर तीस-चाळीसनं एक चक्कर मारून आणली आणि काही नाही म्हणला. रिकाम्या गाडीला त्या स्पीडला कळणार तरी काय? दुसऱ्या वेळी ब्रेक पॅड नवीन टाकले, ब्रेकची डिस्क, म्हणजे पॅड जिला दाबतात ती चाकामागची लोखंडी थाळी, लेथवर घासून दिली, भलंमोठं बिल लावलं. काही दिवस बरं वाटलं. मग परत तेच.

परत गेलो तेव्हा तिथला सुपरवायझर काऊंटरवरनं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, हसत हसत म्हणला, "काका, वय किती तुमचं? या वयात पाय थरथरतो, गाडी नाही." दोघं-तिघं हसले. पप्पा पण हसले अण्णा. मला त्याचाच जास्त त्रास झाला. माझा हात शिवशिवत होता पण पप्पांनी दंडाला धरून बाहेर आणलं. त्या संध्याकाळी त्यांनी गाडीची चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि आईला म्हणले, आता एखादा पोरगा बघायला पाहिजे गाडीवर. आईनं काय झालं विचारलं तर म्हणले काही नाही, वय झालं. जेवताना स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

तुमचं नाव कांदा मार्केटला एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. मी पप्पांना जवळजवळ ओढूनच आणलं. दुपारची वेळ, आपल्या सोलापूरचं ऊन, पत्र्याचं शेड, आणि तुम्ही बनियनवर कुणाच्या तरी गाडीखाली. मी गाडीतनं उतरल्या उतरल्या सगळं सांगायला सुरुवात केली, अलॉय, पॅड, डिस्क, बिल, सगळी फाईल घेऊन. तुम्ही हात पुसत पुसत ऐकलं आणि म्हणलात, "तू थांब बे जरा. गाडी कोण चालवतंय?" म्हणलं पप्पा. "मग त्यांना बोलू दे की."

पप्पा काही बोललेच नाहीत. त्यांनी सवयीनं चावी पुढं केली. सगळीकडं हेच होत होतं ना, चावी द्या आणि तिकडं बसा. आणि तुम्ही, मला हे अजून डोळ्यासमोर दिसतं, तुम्ही त्यांची मूठ आपल्या हातानं बंद केली, चावी आत ठेवून, आणि म्हणलात, "मालक, गाडी तुमच्या पायाच्या ओळखीची हाय. तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो. माल पण उतरवू नका. जिथं तुम्हाला जाणवतंय तिथं न्या."

एवढंच. यासाठीच हे पत्र आहे अण्णा, डिस्कसाठी नाही.

मी मागं गठ्ठ्यांवर बसलो होतो, मधल्या काचेतनं बघत होतो. तुम्ही चप्पल काढून ठेवली, दोन्ही पाय उघडे फ्लोअरवर टेकवले, एक हात डॅशबोर्डवर, आणि डोळे मिटून बसलात. पहिल्यांदा मला वाटलं हे काय नाटक. हायवेला लागल्यावर पप्पांनी ब्रेक दाबला, तुम्ही मान हलवली. परत दाबला, परत मान हलवली. मग तुम्ही काहीतरी विचारलं आणि पप्पा बोलायला लागले, एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं हवेत दाखवत दाखवत, किती दिवसांनी मी त्यांना असं बोलताना बघितलं. काचेमुळं मला एक शब्द ऐकू आला नाही. नंतर पप्पांनी घरी सांगितलं की तुम्ही म्हणलात, "पुढनंच येऊलालंय, उजवीकडनं जास्त. तुमचा पाय बरोबर सांगतोय मालक." हे वाक्य त्यांनी आईला सांगितलं, काकाला फोन करून सांगितलं, आणि शेजारच्यांना पण.

पुढचं काम कसं केलं ते मी काही लिहीत बसत नाही, मला सगळं कळलं पण नाही. पण दोन-तीन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्यात त्या लिहितो, कुणाला उपयोग झाला तर झाला. अलॉयचं मधलं भोक आमच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं होतं, त्यामुळं चाक हबवर टेकतच नव्हतं, नुसतं नटांवर लटकलेलं. नट पण जुन्या लोखंडी रिमचे, त्यांची बैठक वेगळी आणि अलॉयच्या खाचेची वेगळी. हबवर गंज तसाच. आणि वरनं टायरवाल्यानं हवेची गन लावून एक नट ठार आवळलेला, शेजारचा कमी. असं वाकडंतिकडं आवळलं की चाकामागची डिस्क पण किंचित तिरकी ओढली जाते. लगेच काही कळत नाही. पण प्रत्येक फेऱ्याला डिस्कची तीच बाजू पॅडला घासत राहते, ब्रेक लावलेला नसला तरी, आणि हजारभर किलोमीटरनंतर डिस्क एकीकडं जाड, एकीकडं पातळ. तुम्ही म्हणलात तसं, नवख्या हातानं थापलेली भाकरी. म्हणून तर नवीन पॅड आणि घासलेली डिस्क काही दिवसच टिकली, कारण चाक परत त्याच नटांनी, त्याच गननं बसवलेलं. डिस्क अशी का झाली हे त्या मोठ्या वर्कशॉपात एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आणि एक, तुम्ही अलॉयला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही पण म्हणणार की बाहेरचे व्हील टाकले म्हणून भोगा. तुम्ही चाक उलटं करून मागं कोरलेला किलोचा आकडा बघितलात, माल पेलतंय का ते हिशोब करून बघितलं आणि म्हणलात, "चाक बरं हाय, बसवणारा बरा नव्हता."

ते डायल गेज, डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारं, तुम्ही टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर असताना हात बसला म्हणलात, मिल बंद पडली पण सवय राहिली. ते डिस्कला लावल्यावर तुम्ही मला नाही बोलावलं, पप्पांना बोलावलं. त्यांचा चष्मा गाडीत होता तर पोराला पाठवून आणवला. मग डिस्क हळूहळू फिरवली आणि काटा हलला. "०.१२ मिलिमीटर," तुम्ही म्हणलात, "०.०५ च्या आत पायजे. बघा मालक, तुमचा पाय हेच सांगत होता." पप्पा वाकून बघत होते, परत एकदा फिरवा म्हणले. तुम्ही परत फिरवली. मग अजून एकदा म्हणले, तुम्ही अजून एकदा फिरवली, तुमच्यामागं दोन गाड्या थांबल्या होत्या तरी.

मशीन त्या वर्कशॉपकडं तुमच्यापेक्षा भारी आहेत, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडं एक लेथ, एक गेज, एक टॉर्क पान्हा, नट ठरलेल्या जोरानंच आवळणारा. पण त्यांनी सगळी मशीन गाडीला लावली आणि जो माणूस ती गाडी रोज चालवतो त्याला दोन मिनिटं काही विचारलं नाही. मला हे आता सगळीकडंच दिसायला लागलंय, दवाखान्यात पण, बँकेत पण. म्हातारं माणूस काही सांगायला लागलं की समोरचा त्याच्या पोराकडं बघून उत्तर देतो. तुम्ही मला गप्प बसवलं ते एका अर्थी बरंच झालं.

शाळेत असताना आम्हाला भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेलं होतं. १९३८ साली आपल्या गावचा माणूस चीनला गेला, ज्यांची भाषा सुरुवातीला येत नव्हती अशा जखमी लोकांची सेवा करत राहिला आणि १९४२ ला तिथंच वारला. तेव्हा मला सगळ्यात मोठा प्रश्न पडला होता की भाषा येत नसताना तो त्यांचं दुखणं ऐकायचा कसा. मास्तरांनी काहीतरी उत्तर दिलं होतं, आठवत नाही. परवा तुमच्या शेडमध्ये उभं राहून तोच प्रश्न आठवला. आता त्यांच्या शेजारी तुम्हाला बसवलं तर तुम्ही पान्हा फेकून माराल, म्हणून इथंच थांबतो.

बिल बघून मी परत विचारलं की बाकीचं कुठंय, तर तुम्ही म्हणलात हेच. हब आणि अलॉयच्या भोकातली फट भरायला ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा लेथवर स्वतः बनवल्या, नवीन नट आणवले, डिस्क घासली, प्रत्येक नट समोरासमोर टॉर्क पान्ह्यानं आवळला, आणि रिंगांचे पैसे लावलेच नाहीत. स्क्रॅपचा तुकडा होता म्हणलात. तो स्क्रॅपचा तुकडा कापायला तुमचा अर्धा दिवस गेला हे मी बघितलंय. ते पैसे मी देणार आहे, भांडण झालं तरी चालंल.

पप्पांनी खिळ्यावरची चावी त्याच रात्री काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे विजापूर रोडनं रिकामीच गाडी घेऊन गेले, कशाला ते सांगितलं नाही. आले तेव्हा आईला म्हणले पोहे कर. ड्रायव्हर पोराचा विषय परत कुणी काढला नाही, ज्या पोराला मी निरोप दिला होता त्याला मात्र आता नाही सांगायचं काम माझ्याकडं आलंय.

तुम्ही शंभर किलोमीटर झाले की नट परत तपासायला आणा म्हणला होतात ते पप्पांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. सोमवारी बार्शीचा माल आहे, जाऊन-येऊन तेवढं होतंच. संध्याकाळी ते थेट तुमच्याकडं येतील, एकटेच, मी येत नाही. आईनं शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्यात त्या घ्या, आणि रिंगांचे पैसे डब्याच्या खालच्या कप्प्यात आहेत, ते पप्पांच्या हातात परत पाठवू नका.