आईचा बाजारहाट सांभाळणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला वाचून दाखवले आहे आणि तुमची परवानगी घेऊनच ते इथे सर्वांसमोर मांडत आहे. तुमचे नाव आणि तुम्ही ज्या चौकात रस्त्याकडेला भाजी विकायला बसता त्याचे नाव मात्र मी मुद्दामच लिहिलेले नाही.

आईला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट निक्षून सांगितली होती: तिला जी रोजची कामे जमतात, ती शक्य तोवर तिच्याकडून काढून घेऊ नका. या आजारात बहुधा अलीकडच्या गोष्टी आधी विसरल्या जातात आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे बराच काळ टिकून राहतात. आईच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. भेंडीचे टोक मोडून ती कोवळी आहे की जून हे ती आजही क्षणात ओळखते, परंतु तीच भेंडी आपण तासाभरापूर्वी घरी नेऊन ठेवली आहे, हे तिच्या लक्षात राहत नाही. सल्ला पटण्यासारखा होता, पण तो पाळायचा कसा, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. पैशांचा व्यवहार आणि रस्ता या दोन्ही गोष्टी ज्यात आहेत, असे काम तिच्यावर एकटीवर सोपवण्याचा आम्हाला धीर होत नव्हता.

तो प्रश्न तुम्ही, कोणी न सांगता, आपल्या पद्धतीने सोडवलात. आई एकाच सकाळी दुसऱ्यांदा मेथी मागायला आली, तर "आजी, मघाशीच नेलीत की" असे तुम्ही चारचौघांत कधी म्हटले नाही. तुम्ही शांतपणे जुडी तिच्या पिशवीत ठेवता, पैसे घेता आणि संध्याकाळी मी कामावरून परतताना ती जुडी माझ्याकडून परत घेऊन पैसे माझ्या हातावर ठेवता. पालेभाजी दिवसभरात मलूल होते आणि परत आलेली जुडी पुन्हा विकली जाईलच असे नाही, हे मला कळते. ते नुकसान मोजायला मात्र तुम्ही आजवर तयार झाला नाहीत. आईने मोठी नोट दिली की तुम्ही मोड तिच्या हातात न देता तिच्या बटव्याच्या आतल्या कप्प्यात ठेवता, पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक कपटा फाडून त्यावर घेतलेली भाजी आणि रक्कम लिहिता आणि तो कपटा नोटांमध्ये खोचता. आमच्या घरी असे कपटे डब्यात साठले आहेत. आईच्या आजाराची इतकी नेटकी नोंद आमच्यापैकी कोणीही ठेवलेली नाही, आणि गेल्या भेटीत डॉक्टरांनी त्यातले काही कपटे आवर्जून पाहिले.

ती भाव करते, तेव्हा तुम्हीही तिच्याशी घासाघीस करता, याचे मला विशेष वाटते. आजारी माणूस म्हणून सांगेल त्या भावाला तिला भाजी देणे तुम्हाला सोपे गेले असते, पण मग तिच्या लेखी ती खरेदी राहिली नसती. "आजी, भवानीची वेळ आहे, एवढं तुटू नका," असे तुम्ही म्हणता आणि ती विजयी मुद्रेने कोथिंबिरीच्या चार काड्या वर घेऊन येते. त्या दिवशी दुपारी ती आमच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलते.

तुमच्याबरोबरीने फुलवाल्या ताई आणि चपला शिवणारे काका यांचेही आभार मानायला हवेत. आई वळणावर न वळता सरळ मोठ्या रस्त्याकडे निघाली, तर तिला हाक मारून परत कोण वळवणार, हे तुम्ही आपापसांत कधी ठरवलेत ते मला माहीत नाही. दुकानदारांनाही माणुसकी असते, पण दुकान आत असते आणि त्याची नजर गल्ल्याकडे असते. तुम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करून, दिवसभर, त्याच जागी बसलेले असता. आईला हल्ली पाट्या वाचून रस्ता उमगत नाही. निळी ताडपत्री आली की डावीकडे वळायचे, एवढे तिला पक्के ठाऊक आहे.

म्हणूनच मध्यंतरी रस्त्यावरच्या तुम्हा विक्रेत्यांची अख्खी रांग उठवली गेली, त्या दिवसांत आमच्या घराचीही घडी विस्कटली. ताडपत्री दिसेना, म्हणून आई तुम्हाला शोधत पुढे पुढे चालत गेली, आणि टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या फुलवाल्या ताईंनाच ती अखेर सापडली. स्वतःची जागा गेलेली असताना त्यांनी हातातली विक्री टाकून तिला घरी आणून सोडले.

त्यानंतर मी २०१४ चा पथविक्रेता कायदा बसून वाचला आणि त्यातले तुमच्या कामाचे ते इथे लिहीत आहे. रस्त्यावर व्यवसाय करणे हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटले होते. पुढे आलेल्या या कायद्यानुसार, पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्यांना उठवता येत नाही. कोणाला हलवायचे किंवा उठवायचे असेल, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त झालाच तर त्याची यादी मिळाली पाहिजे, आणि ठरलेले शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. पथविक्रीबाबत पालिकेला सल्ला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला असाव्यात, हेही त्यात आहे. तिथे तुम्ही बसावे असे मला मनापासून वाटते, कारण पदपथावर चालणाऱ्यांची अडचण तुमच्याइतकी कोणी जाणत नाही. आईच्या काठीला वाट राहावी म्हणून भाजीच्या पाट्या भिंतीकडे सरकवून घेणाऱ्या तुम्हीच होतात.

तुमच्याकडे दंडाच्या जुन्या पावत्या आहेत, असे तुम्ही मागे म्हणाला होतात. त्या टाकू नका. किती वर्षांपासून तुम्ही त्या जागी बसता, हे दाखवायला त्या उपयोगी पडू शकतील. रविवारी दुपारी विक्री ओसरल्यावर मी विक्री प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन येईन आणि आपण तो तिथेच बसून भरू. काका आणि फुलवाल्या ताई यांनाही आपापली कागदपत्रे आणायला सांगा. परत घेतलेल्या जुड्यांचे पैसे या महिन्यापासून आमच्याकडून घ्यायचे, ही माझी एकच अट आहे, आणि त्या बाबतीत माझ्याशी घासाघीस चालणार नाही.

आपली कृतज्ञ,
आजींची थोरली मुलगी