रविवारी वही घेऊन या, सकाळी ७ ला

मंडळी, या रविवारी सकाळी ७ ला हुतात्मा बागेत एकत्र बसून वही लिहायला जमायचंय, सोलापूरचं ऊन माहितीये ना, ९ नंतर बसवत नाही म्हणून वेळेत या.

- वही एकच. पुढून रोजचं लिखाण, मागून कामांची यादी. लाईट बिल, गॅसचा नंबर, पोरांची फी सगळं मागं उतरवलं की पुढं मोकळ्या मनानं लिहिता येतं, खरंच करून बघा
- आधी २० मिनिटं गप्प लिहायचं, मोबाईल सायलेंट
- मग यादीतली आठवड्याची फक्त ३ कामं ठरवायची, उरलेल्या कामांवरून कुणी कुणाला बोलायचं नाही

वाचून दाखवायची सक्ती नाही. दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही, हे मात्र कडक. ज्यांचं लिखाण मध्येच सुटलंय त्यांनी तर नक्की या. शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा, त्या हिशोबानं चटया आणते.