जुन्या घड्याळाची तबकडी रंगवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किल्लीची जुनी मनगटी घड्याळे, त्यातही एचएमटी या सरकारी कंपनीची, अलीकडे तरुण मुलामुलींच्या हातांवर पुन्हा दिसू लागली आहेत. आजोबांचे घड्याळ कपाटातून काढून दुरुस्त करून घ्यावेसे कोणाला वाटते, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. मात्र ही घड्याळे 'नवी करून देतो' असे सांगून त्यांच्या तबकड्या खरवडून पुन्हा रंगवण्याची पद्धत सर्रास रूढ झाली आहे. त्याबद्दल वाचकांना वेळीच सावध करावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील एसटीत वाहक होते. नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत त्यांच्या हातावर एचएमटीचे 'जनता' घड्याळ होते. सकाळी दाढी झाली की घड्याळाला किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. तबकडी मुळात पांढरी होती, पुढे ती सायीसारखी पिवळसर झाली, आणि चाराच्या खुणेजवळ एक तपकिरी डाग पडला. एका पावसाळ्यात काचेतून पाणी आत गेले होते, त्याचा तो डाग. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी ते बंद पडलेले घड्याळ मी शहरातील एका दुकानात दिले आणि 'चालू करून द्या' एवढेच सांगितले. आठ दिवसांनी हातात आले ते गर्द निळ्या तबकडीचे, ठळक पांढऱ्या अक्षरांचे एक अनोळखी घड्याळ. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, उलट त्याने ते मोठ्या हौसेने दाखवले. जुनी तबकडी परत मागितली तेव्हा कळले की तोच पत्रा घासून त्यावर नवा रंग चढवला आहे, म्हणजे परत देण्यासारखे काही उरलेलेच नाही. घड्याळ पुढच्या दहा दिवसांत पुन्हा थांबले, कारण आतले मशीन कोणी उघडून साफ केलेच नव्हते.

ही घड्याळे किमतीने साधी असली तरी बनावटीने साधी नाहीत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि तेथील पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते प्रकाशित झाली. पुढे बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, किल्ली देण्याचा नेम सुटत गेला, आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणूनच आज आपल्या घराघरांत उरलेली जुनी घड्याळे जपायला हवीत.

'जनता' किंवा एचएमटीच्याच 'पायलट' या घड्याळातील सतरा ज्वेलचे मशीन तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला 4,32,000. अशा घड्याळात दिवसाला तीस सेकंदांचा फरक पडला तर आपण ते 'चुकते' म्हणतो. पण दिवसाच्या 86,400 सेकंदांत तीस सेकंद म्हणजे जेमतेम 0.035 टक्के. बॅटरीवाचून, केवळ एका गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या बळावर चालणाऱ्या आणि रोज घामाधुळीत वावरणाऱ्या यंत्राने इतकी अचूकता राखावी, याचे मला आजही नवल वाटते. ते सतरा ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक. ते दागिन्यासाठी बसवलेले नसतात. चाकांच्या अक्षांची टोके केसाइतकी बारीक असतात. ती धातूच्या भोकात फिरली तर भोक लवकर झिजते, म्हणून त्यांना माणकासारख्या कठीण आणि गुळगुळीत खड्याचा आधार दिलेला असतो. या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल इतके तेल लागते. वर्षानुवर्षे घड्याळ पडून राहिले की ते तेल सुकते, चिकट होते आणि घड्याळ थांबते. बहुतेक 'बंद पडलेल्या' घड्याळांचा आजार एवढाच असतो.

हे मला समजावून सांगितले ते आमच्या गावातील एका वृद्ध घड्याळजींनी. पहिल्या अनुभवाने पोळल्यामुळे चुलत्यांचे 'पायलट' त्यांच्याकडे देताना मी समोरच बसून राहिले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले, आधी स्प्रिंगचा ताण उतरवला, मग बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची गती ठरवणारे चाक, अलगद उचलून बाजूला ठेवले आणि एकेक चाक सुटे करून पेट्रोलमध्ये धुतले. खड्यांची भोके त्यांनी टोकदार केलेल्या लाकडी काडीने साफ केली. तेल देताना मात्र त्यांचा हात फार आखडता होता, कारण जास्त तेल हेअरस्प्रिंगपर्यंत, म्हणजे त्या चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगपर्यंत, पोचले तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे पळू लागते. (हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागले तरी तसेच होते, म्हणून हे घड्याळ मोबाइलवर किंवा स्पीकरजवळ ठेवू नये.) ॲक्रिलिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे त्यांनी पॉलिशने घासून काढले. बॉडीचा क्रोमचा मुलामा कडेला उडाला होता, त्याला हात लावला नाही. आणि तबकडी? रबरी फुग्याने फुंकर मारून धूळ उडवली, बस्स. कापडाने पुसले तरी छपाई निघते, असे ते म्हणाले. काळ्या तबकडीची कडा विटून तपकिरी झाली आहे, ती तशीच आहे. या सगळ्या कामाचे त्यांनी साडेपाचशे रुपये घेतले.

यावर कोणी म्हणेल की नवे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, मग एका घड्याळाचा भाग दुसऱ्यात घालणे चालते तर तबकडी रंगवणेच का चालू नये? माझ्या मते या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. एकाच मशीनची चाके कारखान्यानेच परस्परांत बदलता येतील अशी घडवली आहेत. तसे चाक बदलल्याने घड्याळ चालते आणि त्याचे काही बिघडत नाही. तबकडी मात्र त्या माणसाबरोबर उन्हापावसात राहून विटलेली असते. कारखान्यातील छपाईची रेघ जितकी बारीक आणि रेखीव असते तितकी हाताने केलेल्या रंगकामात उतरत नाही; अक्षरे जाड होतात, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. एचएमटीने कधी काढलेच नाहीत अशा भडक रंगांची 'पायलट' आज बाजारात मूळची म्हणून विकली जातात आणि नवख्या संग्राहकाला ते ओळखू येत नाही.

म्हणून घड्याळ दुरुस्तीला देताना 'मशीन उघडून साफ करा, तेल द्या, तबकडीला हात लावू नका' असे प्रत्येकाने स्पष्ट सांगावे, आणि शक्य असल्यास पावतीवर लिहून घ्यावे. दुकानदारांनीही रंगकामापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे, आणि रंगवलेली तबकडी असलेले घड्याळ विकताना तसे सांगावे. कोणाला निळे घड्याळच हवे असेल तर त्याने ते खुशाल घ्यावे, पण जाणून घ्यावे. आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्त्यांनी आपापल्या भागात अजून काम करणाऱ्या जुन्या घड्याळजींची माहिती छापली, तर अनेक घरांतील बंद घड्याळे योग्य हातांत जातील, आणि हे काम शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाला गुरूही सापडेल. आमच्या गावच्या घड्याळजींनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्याकडे शिकायला आज कोणीही येत नाही.

वडिलांचे घड्याळही मी पुढे त्यांच्याकडेच नेले. मशीन त्यांनी सुरू करून दिले आणि आता ते वेळ बरोबर दाखवते. चाराच्या खुणेजवळचा तो डाग मात्र त्यांनाही परत आणता आला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा