केबलच्या पाकिटावर वेग छापा

महोदय,

आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट आणि व्हिडिओ मी वर्षभर खपून संगणकावर उतरवले. ते सगळं, जवळपास ५०० जीबी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला बसले, तर वेग सेकंदाला ३० एमबीच्या पुढे जाईना. म्हणजे साडेचार तास! लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने हात न लावताच डिस्क खराब ठरवली. नवी घ्या, म्हणाला.

दोष केबलचा होता. मूळ केबल हरवल्यावर मी मोबाइलची बारीक केबल लावली होती. डिस्कचं तोंड रुंद, दोन खणांचं. त्यातल्या मोठ्या खणात ही केबल अगदी घट्ट बसते, दिवाही लागतो. संशय येणार कसा? पण यूएसबी ३.० ला, म्हणजे या जोडणीच्या वेगवान आवृत्तीला, लागणाऱ्या जादा पाच तारा तिच्यात नसतात, म्हणून सगळा कारभार जुन्या, संथ यूएसबी २.० च्या गतीने चालतो. भाच्याने रुंद टोकाची केबल आणली, संगणकाच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात लावली आणि आकडा ११० वर गेला. (हजारो बारीक फायली असतील तर वेग तरीही पडतो, तो डिस्कचा स्वभावच.)

केबलच्या पाकिटावर नुसतं ‘फास्ट’ छापून भागवतात. तिथे यूएसबीची आवृत्ती आणि वेग आकड्यांत छापणं सक्तीचं करा. आणि दुकानदारांनो, डिस्क बाद ठरवण्याआधी एकदा केबल बदलून बघा. मी त्या दिवशी पैसे मोजायच्या बेतात होते.

– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई