कॉम्प्युटर विकू नका, फक्त कार्ड काढा

आई, बाबा,

काल फोनवर सारखी रेंज जाऊन राहिली होती, माझं अर्धं तुम्हाला ऐकूच गेलं नसेल, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आई, तू मोठ्यानं वाच, बाबांना मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही.

सगळ्यात पहिले हे ऐका की कॉम्प्युटर गेला नाही, त्यातलं ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, तेवढा गेला आहे. बचत गटाचा सगळा हिशोब आणि बाबांनी टाइप करून ठेवलेले शेतीचे कागद हार्डडिस्कमध्ये असतात, कार्डाचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. तालुक्याचा दुकानवाला म्हणते ना की आता हा डब्बा मला द्या अन् नवीन घ्या, तर त्याला अजिबात हो म्हणू नका.

मी एवढ्या खात्रीनं काहून सांगून राहिली, तर तुम्ही पाठवलेला बिघडलेल्या स्क्रीनचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. गुलाबी-हिरवे पट्टे आणि ते बारके बारके चौकोन विंडोज सुरू व्हायच्या आधीच दिसतात, कंपनीचा लोगो येतो ना तिथंच. सॉफ्टवेअरचा लोचा असता तर लोगो साफ दिसला असता, पट्टे नंतर आले असते. मॉनिटरचा संशय असेल तर मॉनिटर चालू ठेवून कॉम्प्युटरकडून त्याला येणारी केबल काढा, विजेची नाही, 'नो सिग्नल' अशी अक्षरं स्वच्छ आली, एकही पट्टा दिसला नाही, तर मॉनिटर ठणठणीत आहे समजा. जमलं तर केबल पण दुसरी लावून पाहा, शेजारच्या टीव्हीची चालते.

आता ते कार्ड गेलं कशानं. दादानं इंजिनिअरिंगला असताना ते ३डी डिझाइनसाठी टाकलं होतं, जीटीएक्स ९६०, ते जोरात चाललं की एकटंच १२० वॅटपर्यंत वीज खाते आणि तेवढंच तापते. आणि आपला कॉम्प्युटर राहतो कुठं, तर समोरच्या खोलीत, जिथं दरवर्षी भाव वाढेल वाढेल म्हणून कापसाची गंजी लावलेली असते. मी दिवाळीत झाकण उघडलं तेव्हा पंख्याच्या मागच्या जाळीवर कापसाचे तंतू अन् धूळ मिळून अशी जाड थर बसली होती की गोधडीच घातली म्हणा. मग हवा जाईल कुठून? मे मध्ये बाहेर ४४-४५ डिग्री, खोलीत कूलर, लाईट सारखी ये-जा, कार्ड तापते, थंड होते, परत तापते. त्या तापण्या-गार होण्यानं चिपखालचे डाग म्हणजे सोल्डरचे बारीक थेंब तडकतात, नाहीतर त्याची मेमरी जाते, आणि मग असे चौकोन दिसायला लागतात.

दुकानवाला म्हणेल हीट मारून देतो, म्हणजे कार्ड तापवून ते डाग परत बसवतो. तसं केल्यानं कार्ड कधी कधी चालू होते, पण थोड्या दिवसांत परत तेच, त्याच्यात पैसे घालू नका. आणि तुम्हाला एवढं मोठं कार्ड लागतच नाही बाबा. आपला प्रोसेसर आय फाइव्ह, सहाव्या पिढीचा आहे, मी जुनं बिल काढून पाहिलं, आणि त्या पिढीच्या आय फाइव्हमध्ये ग्राफिक आतच असते. एक्सेल, सातबारा, यूट्यूबवरचं कीर्तन, नातवंडांचा व्हिडिओ कॉल, सगळं त्याच्यावर आरामात चालते. उलट कार्ड निघालं की यूपीएस पण जास्त वेळ टिकेल.

तर करायचं असं. बोर्डातून प्लग काढा, मग कॉम्प्युटरचं बटन थोडा वेळ दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज जाते. बाजूचं झाकण उघडा, आत हात घालायच्या आधी लोखंडी पत्र्याला हात लावा. कार्डाला वरून एक काळी ६ पिनची वायर आहे, तिला छोटी चिमटी असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका. मग मागचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची कडी दाबून कार्ड सरळ बाहेर. हे शेजारच्या पोराकडून करून घ्या, बाबा, तुम्ही कंबरेत वाकून बसू नका, डॉक्टरनं सांगितलं आहे तुम्हाला, आणि कॉम्प्युटर मोटरसायकलवर बांधून यवतमाळले नेणं तर बिलकुलच नको.

मॉनिटरची केबल आता कॉम्प्युटरच्या मागे वरच्या भागात, यूएसबीच्या खड्ड्यांजवळ जागा आहे तिथं लावा. कार्डाची जागा खाली आडवी होती, तिथं नाही. स्क्रीन आली नाही तर घाबरू नका, परत प्लग काढून आतला तो गोल सेल, सीआर २०३२, पाच-दहा मिनिटं काढून ठेवा अन् परत लावा. तो सेल तसाही म्हातारा झाला, तारीख चुकीची दाखवते म्हणता ना, दुसरा घेतला तरी चालेल.

कापूस असेपर्यंत कॉम्प्युटर मधल्या खोलीत घ्या, कूलरच्या तोंडासमोर पण नको, ती ओली हवा आतल्या पट्ट्यांना गंज चढवते.

आई, तू गटाच्या बायांना सांगून ठेव की हिशोब सुरक्षित आहे, या महिन्याचे हप्ते वहीतच लिही. एक्सेल उघडली की पहिलं काम हे की ती फाइल माझ्या मेलवर टाक आणि पेन ड्राइव्हवर पण एक कॉपी घे. झाकण उघडायच्या वेळी मला व्हिडिओ कॉल लावजा, संध्याकाळी सातनंतर मी मोकळीच आहे.

तुमची,
ताई