वनहक्काच्या नकाशांची मराठी पुस्तिका नव्याने घडवण्यासाठी आवाहन

ग्रामसभांचे सदस्य, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त गडचिरोलीबाहेर असलेल्या आपल्या मंडळींना आमच्या ग्रामसभा महासंघाचे हे आवाहन आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांना तो मिळत गेला. पण हक्काचा कागद हाती आला म्हणून नकाशाचे काम संपत नाही. व्यवस्थापन आराखडा, बांबूतोड, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), बोडीची (लहान तळ्याची) दुरुस्ती, सगळ्याला नकाशा लागतोच. तो काढण्यासाठी आपल्या गावांतली पोरे क्यूजीआयएस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतात. त्याची मराठी पुस्तिका, नमुना फाइली आणि चिन्हसंच महासंघाच्या संकेतस्थळावर मुक्त परवान्याखाली ठेवलेले आहेत. हे सगळे आता जुने झाले आहे.

पुस्तिका क्यूजीआयएसच्या २.१८ या आवृत्तीसाठी लिहिलेली आहे. २०१८ मध्ये ३.० आली आणि मेनू बदलले. थराची (लेयरची) प्रत काढण्याचे ‘सेव्ह ॲज’ आता ‘एक्स्पोर्ट’च्या आत आहे. नवशिका तिथेच अडतो. त्याहून नुकसान करतो तो शेपफाइलचा, म्हणजे नकाशाची माहिती साठवण्याच्या जुन्या फाइल-प्रकाराचा धडा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नाव’ कसेबसे मावते, ‘कक्षक्रमांक’ कापला जातो. सोबतची, अक्षरांची पद्धत सांगणारी सीपीजी फाइल पाठवायची राहिली, तर रकान्यातली मराठीही वाचता येत नाही. नव्या पुस्तिकेत सुरुवातीपासून जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार असेल. त्यात हे दोन्ही त्रास नाहीत.

क्षेत्रफळाचे प्रकरण तर पूर्ण नव्याने लिहावे लागेल. उपग्रह-चित्राचा थर पहिल्यांदा उघडला की प्रकल्प बहुधा वेब मर्केटर या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत), म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ३८५७ या क्रमांकात जातो. आपल्या २० अंश अक्षांशावर त्या प्रक्षेपणात सपाट मापाने १०० हेक्टर जंगल सुमारे ११३ हेक्टर दिसते. असा आकडा दाव्यात गेला तर हद्दीवरून शेजारच्या गावाशी वाद होणारच. गडचिरोलीसाठी यूटीएम या प्रक्षेपणाचा विभाग ४४ उत्तर, म्हणजे ३२६४४ हा क्रमांक घ्यावा. विभागाची रेषा ७८ अंश रेखांशावर आहे, त्यामुळे मेळघाट ४३ मध्ये येतो आणि तिथे ३२६४३ लागते. जुन्या पुस्तिकेत एकच क्रमांक छापलेला आहे. मेळघाटातल्या गावांनी तो डोळे झाकून वापरू नये, एवढी सूचना तरी आजच सर्वांना कळवा. जीपीएसचे आकडे टंकतानाही असेच होते: २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५, पण २०.३० लिहिले की बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो. अशा प्रत्येक चुकीचे चित्र आणि तिची दुरुस्ती धड्याच्या शेवटी नव्हे, त्या त्या पायरीलाच हवी.

मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात पीडीएफ करून ठेवलेला आहे. तो शोधात सापडत नाही, कॉपी केला तर अगम्य अक्षरे येतात. परिवर्तकातून काढला तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. ‘निश्चित’, ‘वर्ग’ असे शब्द हमखास बिघडतात. म्हणून प्रत्येक पान माणसानेच वाचावे लागेल. शुद्ध झालेला मजकूर साध्या फाइलींत, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहील आणि स्फिंक्सने (अशा फाइलींपासून संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनाने) त्याची स्थिर पाने तयार होतील. सर्व्हरवर डेटाबेस नाही, त्यामुळे तो बिघडण्याचा किंवा घुसखोरीचा प्रश्नही फार उरत नाही. छापील पीडीएफ झीलाटेक या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधूनच काढायची. नेहमीच्या पीडीएफलाटेकवर देवनागरी अडते. स्फिंक्सच्या शोधाला मराठी विभक्ती कळत नाही. ‘हद्द’ शोधणाऱ्याला ‘हद्दीचा’ सापडेलच असे नाही, तेव्हा प्रत्येक पानाखाली शोधशब्द हाताने लिहावे लागतील. चित्रांसकट एक पान ३०० केबीच्या आत ठेवायचे आहे आणि संपूर्ण पुस्तिका झिपमध्येही द्यायची आहे, कारण टॉवर नसलेल्या गावात ती पेनड्राइव्हनेच पोहोचते. जुन्या छापील प्रतींवर क्यूआर कोड आहेत, म्हणून जुने पत्ते बंद न करता नव्या पानांकडे वळवले जातील.

आम्हाला सर्वांत आधी माणसे हवीत. मराठी नीट वाचणारे मुद्रितशोधक, ३.x वर प्रत्येक पायरी स्वतः करून नवी चित्रे काढणारे विद्यार्थी, आणि गिट-स्फिंक्स जाणणारा निदान एक जण, जो आपल्या गावांतल्या दोन मुलांना हे काम शिकवून तयार करेल. बाहेरून करून दिलेले संकेतस्थळ पुन्हा असेच जुने होईल, म्हणून ही शेवटची अट आम्ही सोडणार नाही. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांनी धडे वाचून दाखवले, तर ध्वनिफिती जोडता येतील.

पैशांची गरज ४८,००० रुपयांची आहे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले दोन वापरलेले लॅपटॉप प्रत्येकी १८,०००. १०० छापील प्रतींसाठी ९,०००. डोमेनचे नूतनीकरण व किरकोळ खर्चासाठी ३,०००. चालू स्थितीतला लॅपटॉप कोणी दिला, तर तेवढी रक्कम कमी मागू. स्थिर पाने विनामूल्य ठेवता येतात, त्यामुळे होस्टिंगसाठी काही मागत नाही.

देणगी धनादेशाने किंवा थेट महासंघाच्या खात्यात द्यावी. खाते क्रमांक कार्यालयातून लेखी घ्यावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआरवर पैसे टाकू नयेत. प्रत्येकाला पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब महासंघाच्या बैठकीत वाचला जाईल. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर (तेंदूपाने जमा करण्याच्या जागी) सगळेच गुंततात, म्हणून वाचन आणि चित्रांचे काम एप्रिलअखेर हातावेगळे करायचे आहे. ज्यांना वेळ देता येईल, त्यांनी कोणता धडा घेणार ते कार्यालयात नोंदवावे, म्हणजे एकच धडा दोघांकडे जाणार नाही.

— ग्रामसभा महासंघ, नकाशा गट